तोटा, लाज आणि आपली सही



कोल्हापुरातल्या एका बचत गटाच्या बैठकीत परवा शेअर बाजाराचा विषय निघाला. एक जण म्हणाली, "ताई, खातं हाय माझ्या नावावर. पण आत काय हाय ते मालकांस्नी ठावं. ओटीपीबी त्यांच्याच मोबाइलवर येतुया." सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येताना मात्र माझेच व्यवहार आठवले.

आईच्या पाटल्या गुजरीत मोडून आलेले पैसे मी म्युच्युअल फंडात आणि थोडे शेअर्समध्ये घातले होते. २३ मार्च २०२० ला, करोनाच्या धास्तीने, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळून २६ हजारांखाली गेला. त्याच आठवड्यात मी घाबरून फंड काढून घेतला. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. वर्ष संपताना सेन्सेक्स ४७ हजारांवर होता. दुसरीकडे, भाच्याच्या सांगण्यावरून घेतलेला एक शेअर निम्म्यावर आला तरी मी धरून बसले. म्हणायची, 'मुद्दल सुटू दे, मग विकते.' खरं कारण वेगळं होतं. तो विकला असता तर चूक झाली हे घरात कबूल करावं लागलं असतं.

काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख माणसाला अधिक लागतं. हे बाई-पुरुष दोघांचंही खरं. पण बाईच्या तोट्यावर वरून एक वाक्य येतं, 'तुला कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला?' पुरुषाचा तोटा धंद्यात जमा होतो, बाईचा तिच्या अकलेच्या खाती. डाळीच्या डब्यात पैसे लपवायला आपल्याला शिकवलं, हिशेब मागायला शिकवलं नाही. त्यामुळे आपण तोटाही लपवतो.

बाया भित्र्या, म्हणून बाजार त्यांचा नव्हे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. अमेरिकेतल्या ३५ हजारांहून अधिक घरांच्या खात्यांचा बार्बर आणि ओडीन यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष स्त्रियांपेक्षा ४५ टक्के जास्त उलाढाल करत होते आणि त्या उलाढालीपायी त्यांचं नुकसानही जास्त होत होतं. फाजील आत्मविश्वास हीसुद्धा भावनाच आहे, तिला कुणी भावना म्हणत नाही इतकंच. आपल्याकडे सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या.

आपली आणखी एक सवय म्हणजे नात्यावरचा विश्वास. २०२२ मध्ये कोल्हापुरात 'ए. एस. ट्रेडर्स'वर फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. जादा परताव्याच्या आमिषाने लोकांकडून पैसे घेतल्याचा तो आरोप. अशा योजना ओळखीतून, पाहुण्यारावळ्यांतून घरात शिरतात. 'आपलाच माणूस आहे, कागद कसा मागायचा?' हा संकोच बाईला फार महागात पडतो.

काही मैत्रिणी विचारतील, हा चळवळीचा विषय आहे का? भविष्य निर्वाह निधीतला काही पैसा २०१५ पासून शेअर बाजारात जातो. म्हणजे नोकरदार बाई न विचारताच बाजारात आहे. आणि पैशावर कुणाची सही चालते, हा प्रश्न तर आपला जुनाच आहे.

मी आता एक वही ठेवते. काय घेतलं, का घेतलं, कुणी सांगितलं, त्या दिवशी मन कसं होतं. विकावंसं वाटलं की एक रात्र जाऊ देते. चार पानं भरल्यावर दिसलं की माझे निम्मे निर्णय पैशाबद्दलचे नव्हतेच, कोण काय म्हणेल याबद्दलचे होते.

तुमच्या गटात अशी वही ठेवून पाहा. त्याआधी आपल्या खात्याला आपलाच मोबाइल नंबर जोडून घ्या. आणि तोटा झाला असेल तर बैठकीत मोठ्याने सांगा. मी माझा भाच्याच्या शेअरचा तोटा इथे पहिल्यांदाच सांगितला आहे.