वारणेने मराठे बुडवले नाहीत

कोल्हापुरात इतिहासाची चर्चा रंगली की एक वाक्य हमखास कानावर येतं : जर्मन एक झाले म्हणून जगाला भारी पडले, आपण वारणेवर वाटणी केली म्हणून बुडालो. यातला कळकळीचा सूर मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही.

वारणेचा तह १७३१ चा. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे या चुलतभावांनी नदी हद्द मानली. वाटणीनेच सत्ता खचायची, तर उतरण तिथूनच लागायला हवी होती. पण १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर होते, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेला पोचल्या.

घात सुरू झाला तो १८०२ मध्ये. होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या. पेशव्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा ते दोघे तह करून मोकळे झाले होते. हे सगळे साताऱ्याच्या एकाच गादीचे सेवक म्हणवत होते. गादी एक होती. फौज, खजिना आणि शब्द एक नव्हता.

आता जर्मनी पाहू. साम्राज्याची घोषणा १८७१ ची, पण त्याआधी १८३४ मध्येच प्रशियाच्या पुढाकाराने अनेक जर्मन राज्यांनी आपसातली जकात उठवली होती. १८६६ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांनी प्रशियाशी लष्करी करार केले, म्हणून १८७० मध्ये बव्हेरियाची फौज फ्रान्सविरुद्ध बरोबरीने उतरली. पुढेही बव्हेरियाला स्वतःचा राजा, टपाल आणि रेल्वे राखता आली. आधी व्यवहार जुळले, मुकुट नंतर आला. उलट १९३८ मध्ये ‘सारे जर्मन एका छत्राखाली’ म्हणत ऑस्ट्रिया गिळला गेला. सात वर्षांत जर्मनी देश उद्ध्वस्त झाला आणि पुढे त्याचे दोन तुकडे पडले. विस्तारासाठी केलेली एकी स्वतःलाच खाते.

कोल्हापूरचं बळही व्यवहारातूनच उभं राहिलं. १८९१ मध्ये मिरजेची रेल्वे आली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाला पेठ दिली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, पण ती पेठ आणि शाळेत गेलेली पोरं कोल्हापूरच्या पदरी राहिली. त्यांच्याच जोरावर कोल्हापूर नव्या राज्यात ताठ उभं राहिलं.

किणी-घुणकी ओलांडून वारणेच्या पुलावर या. हंगामात उसाने वाकलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जात असतात. पूल संपला की जिल्हा बदलतो, सांगली लागते. ट्रॅक्टरला कुणी अडवत नाही. २०१९ च्या महापुरात मात्र दोन्ही काठ बुडाले. पाण्याने तहाची हद्द विचारली नाही. म्हणून एकीचा हिशेब गाद्यांवरून मांडू नका. धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या गावाला वेळेवर निरोप पोचतो का, हे विचारा. वारणा आपल्याला तिथेच तपासते.