दोन फिल्सची वीज

जून २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात कुवेतच्या वीज मंत्रालयाने भारनियमन जाहीर केले. ठरावीक भागांत, भर उन्हाच्या वेळी, दिवसाला जास्तीत जास्त दोन तास वीज जाणार होती. महाराष्ट्रात पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी बारा-बारा तास अंधारात काढले, त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण देश कोणता आहे ते बघा. जगातल्या ज्ञात तेलसाठ्यांपैकी सहा-सात टक्के साठा याच्या वाळूखाली आहे. सरकारी गुंतवणूक निधी लाख कोटी डॉलरच्या घरात जातो. आणि या देशाने त्या उन्हाळ्यात ओमानकडून ३०० आणि कतारकडून २०० मेगावॉट वीज उसनवारीला जावे तशी विकत घेतली.

तापमान वाढले, मागणी वाढली, केंद्रे पुरी पडली नाहीत, असा खुलासा झाला. तो खोटा नाही. मितरिबा नावाच्या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंशांची नोंद झाली होती, आणि जागतिक हवामान संघटनेने ती तपासून मान्य केली आहे. पण कुवेतमध्ये उन्हाळा काही अचानक येत नाही. पन्नास अंशांचा जुलै येणार हे जिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, तिथे वीज कमी पडते तेव्हा दोष उन्हाला देऊन भागत नाही. कुवेतकडे तेल कमी नाही, पैसाही कमी नाही. घरच्या विजेला किंमत लावण्याचे धैर्य मात्र साठ वर्षांत कुणाला झालेले नाही, आणि बाकीच्या अडचणी तिथून सुरू होतात.

आधी भूगोल. कुवेतचे क्षेत्रफळ साधारण १७,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडे जास्त. नदी एकही नाही, तलाव नाही. तेलाच्या आधी हे गाव मोती, खजूर आणि शिडाच्या जहाजांवर जगत होते. त्याला प्यायला पाणी लागे तेही जहाजानेच यायचे. उत्तरेला इराकमध्ये शत्त-अल-अरबच्या मुखापर्यंत गलबते जात, तिथले गोडे पाणी लाकडी टाक्यांत भरून आणत, आणि मग ते कातडी पखालींत भरून गाढवांच्या पाठीवर गल्लोगल्ली विकले जाई. समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा कारखाना शुवैखला १९५३ साली उभा राहिला. उत्तरेला रौदतैन इथे वाळूखाली गोड्या पाण्याचा एक साठा पुढे सापडला, पण तो एवढ्याशा जिवाचा. आज पिण्याचे जवळजवळ सगळे पाणी समुद्रातून काढलेले असते.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वीज आणि पाणी यांचे कुवेतमध्ये एकच मंत्रालय आहे, कारण दोन्ही बहुतांशी एकाच कारखान्यात तयार होतात. अझ-झोर, दोहा (कतारचे नव्हे, कुवेतमधलेच), सुबिया या किनाऱ्यावरच्या केंद्रांत तेल किंवा गॅस जाळून वाफ होते. तिच्यावर जनित्रे फिरतात आणि तीच उष्णता खाऱ्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी देते. म्हणजे असे केंद्र बंद पडले तर दिव्यांसोबत नळाचाही प्रश्न येतो. आणि त्या नळाचे पाणी उन्हाळ्यात कसे असते? गच्चीवरच्या टाकीतून ‘थंड’ नळाला जवळजवळ कढत पाणी येते. आखातात राहिलेल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, जूनमध्ये गीझरचे बटण बंद ठेवायचे आणि घरात सावलीला असलेल्या त्या गीझरमधलेच पाणी आंघोळीला गार म्हणून घ्यायचे, ही युक्ती तिथे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवली जाते.

अशा ठिकाणी वातानुकूलन ही चैन नाही हे मान्य. उन्हाळ्यातल्या सर्वोच्च मागणीपैकी सुमारे सत्तर टक्के वीज एकट्या एसींना लागते. पण सुमारे पन्नास लाख वस्तीच्या देशाची ती सर्वोच्च मागणी सतरा हजार मेगावॉटच्या वर जाते, आणि बारा कोटींच्या, कारखानदारीने भरलेल्या महाराष्ट्राची तीस हजारांच्या घरात. हा फरक फक्त उन्हाने पडत नाही. तो दराने पडतो. कुवेती नागरिकाला घरगुती वीज एका युनिटला दोन फिल्स दराने मिळते. हजार फिल्सचा एक दिनार. आपल्या पैशांत हे होतात साधारण साठ पैसे. हा दर १९६६ पासून तोच आहे. १९६६ साली तेलाचे पिंप दोन डॉलरलाही मिळत होते.

हा दर का बदलत नाही हे समजायला १९४६ पर्यंत मागे जावे लागते. बुरगानला तेल लागले १९३८ मध्ये. मध्ये युद्ध आले, विहिरी बुजवून ठेवल्या गेल्या, आणि पहिले तेल जहाजात भरले गेले ३० जून १९४६ रोजी. तोवर कुवेतचा शेख व्यापाऱ्यांच्या जकातीवर राज्य चालवत होता, आणि पैसे देणारे व्यापारी त्याला जाबही विचारत. १९३८ मध्येच त्यांनी निवडलेली एक सभा शेखाच्या गळी उतरवली होती. ती काही महिन्यांत मोडली गेली. तेलाचा पैसा येऊ लागला तसा हा हिशेब उलटा झाला. राज्याला प्रजेकडून काही घ्यायचे उरले नाही, फक्त द्यायचे उरले. १९५० मध्ये गादीवर आलेल्या अब्दुल्ला अल-सालिम यांनी हे देणे पद्धतशीर केले. जुन्या गावातली घरे-जमिनी सरकारने भरमसाट भावाने विकत घेतल्या. इंग्रज नियोजकांनी १९५२ मध्ये आखून दिल्याप्रमाणे जुन्या तटबंदीच्या बाहेर अर्धवर्तुळाकार रिंग रोड पडले, १९५७ मध्ये तट पाडून फक्त वेशी ठेवल्या, आणि नागरिकांना नव्या वस्त्यांत प्लॉट, घरे, शाळा, दवाखाने मिळाले. पुढे सरकारी नोकरीही मिळाली. आज नोकरी करणाऱ्या कुवेती नागरिकांपैकी सुमारे ऐंशी टक्के सरकारच्या पगारावर आहेत. पगार आणि अनुदाने यांतच अर्थसंकल्पाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जातो.

दोन फिल्सची वीज ही या देण्याघेण्यातली सगळ्यात दिसणारी वस्तू. पगार ज्याचा त्याला कळतो, पण थंडगार घर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. म्हणून तिला हात लावणे म्हणजे सत्तर वर्षांचा करार उघडून बसणे.

बरे, या कराराची किंमत फक्त तिजोरी मोजत असती तरी एक वेळ चालले असते. पण वीज इतकी स्वस्त ठेवली की वापर वाढतो, तेवढी वीज तयार करायला इंधन हवे, आणि इथे तेलाच्या राज्याची खरी गंमत होते. कुवेतमधला गॅस मुख्यतः तेलासोबत वर येतो. ओपेकच्या ठरावाप्रमाणे तेल कमी काढले की गॅसही आपोआप कमी. उन्हाळ्यात गरज मोठी, गॅस तोकडा. म्हणून हा देश २००९ पासून द्रवरूप गॅस आयात करतो. आधी तरंगत्या टर्मिनलवर भागवले, मग २०२१ मध्ये अझ-झोरला वर्षाला दोन कोटी वीस लाख टन क्षमतेचे कायमचे टर्मिनल बांधले. जगातल्या सर्वात मोठ्या आयात टर्मिनलांत त्याची गणना होते. कतारशी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रत्येकी तीस लाख टनांचे दीर्घ मुदतीचे करार केले. उरलेली गरज तेल जाळून भागते. जे पिंप बाहेर विकून डॉलर मिळाले असते तेच घरी जाळून साठ पैशांची वीज करायची, असा हा व्यवहार. सूर्य तर फुकटच आहे, पण शगाया इथला सौर-पवन प्रकल्पाचा पहिला टप्पा अवघा ७० मेगावॉटचा निघाला.

मग नवी केंद्रे का बांधली नाहीत? पैसा होता. उत्तर आहे राजकारण. आखाती देशांत सर्वात जुनी आणि बोलकी संसद कुवेतची होती. तिचे अप्रूप आम्हा भारतीयांना वाटावे हे साहजिक आहे, आणि मलाही वाटते. मंत्र्याला उभे करून प्रश्न विचारणारे खासदार शेजारच्या राजवटींत शोधून सापडायचे नाहीत. पण या संसदेने आणि राजघराण्याने नेमलेल्या मंत्रिमंडळांनी एकमेकांचे पाय इतके ओढले की निविदा निघायच्या, रद्द व्हायच्या, मंत्री बदलायचा, पुन्हा निघायच्या. अझ-झोर उत्तर केंद्राचा दीड हजार मेगावॉटचा पहिला टप्पा २०१६ मध्ये चालू झाला. पुढच्या टप्प्याच्या करारावर सह्या व्हायला २०२५ उजाडले. दुबईत मेट्रो २००९ मध्ये धावली. कुवेतची मेट्रो आणि रेल्वे अजून आराखड्यातच आहे. जे झाले तेही बघण्यासारखे आहे. २०१९ मध्ये खाडी ओलांडणारा ३६ किलोमीटरचा शेख जाबेर पूल खुला झाला, तीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्चून. तो उत्तरेला सुबियाकडे जातो. तिथे ‘रेशीम नगरी’ नावाचे नवे शहर वसायचे आहे. पूल आहे, नगरी नाही.

संसदेच्या एका निर्णयाकडे मात्र मराठी वाचकाने नीट पाहावे, कारण त्याचे बिल आपल्या माणसांनी भरले. २०१४ नंतर तेल गडगडले तेव्हा सरकारला वीजदर वाढवायचा होता. २०१६ मध्ये कायदा झाला, आणि त्यातून कुवेती नागरिकांची खासगी घरे वगळली गेली. भाड्याच्या इमारतींतले फ्लॅट मात्र पाच फिल्सवर गेले. या फ्लॅटांत राहते कोण? सालमिया, फरवानिया, अब्बासिया, फहाहील, मंगफ इथली परदेशी वस्ती. देशाच्या लोकसंख्येत नागरिक जेमतेम एक तृतीयांश आहेत, आणि बाहेरच्यांत सर्वात मोठा गट भारतीयांचा, दहा लाखांच्या आसपास. मल्याळी सर्वाधिक, पण तेल कंपनीच्या अहमदीत १९५० च्या दशकापासून गोवेकर आहेत, आणि रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची कौले कुवेतच्या दिनारांनी बदलली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने देश गिळला तेव्हा अम्मानमार्गे लाखाहून अधिक भारतीय एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत उतरले होते. नंतर त्यांतले बरेच परतही गेले.

नातेही जुने आहे. १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात भारतीय रुपया चालायचा. शेवटची दोन वर्षे खास आखातासाठी रिझर्व्ह बँकेने छापलेला, कारण सोन्याची तस्करी आवरत नव्हती. दिनार आला तेव्हा तो सव्वातेरा रुपयांहून किंचित जास्त किमतीला बदलून मिळत होता. आज त्याचे पावणेतीनशेहून अधिक होतात. म्हणूनच लोक जातात.

आणि कशात राहतात तेही सांगायला हवे. भारनियमनाची घोषणा झाली त्याच्या आठवडाभर आधी, १२ जून २०२४ च्या पहाटे, मंगफमधल्या कामगारांच्या एका इमारतीला आग लागली. तिथे दोनशेच्या आसपास माणसे राहत होती. विजेच्या शॉर्ट सर्किटमुळे तळमजल्यावर आग लागल्याचे सांगितले गेले. झोपेत, धुराने, ४५ भारतीय गेले. त्यांत केरळचे चोवीस होते, महाराष्ट्रातलाही एक होता. ज्या देशात विजेची टंचाई एसींमुळे होते तिथे या माणसांच्या वाट्याला येणारी वीज किती असेल? उन्हाळ्यात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करण्यास तिथे कायद्याने बंदी आहे, आणि चांगला कायदा आहे तो. चार वाजल्यानंतर परतायचे असते ते अशा खोल्यांकडे.

या आगीच्या महिनाभर आधी, १० मे २०२४ रोजी, अमीर मिशाल अल-अहमद यांनी संसद विसर्जित केली आणि राज्यघटनेतली काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. आता खापर फोडायला खासदार उरलेले नाहीत. कामेही हलली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ पासून अडलेला कर्जाचा कायदा मार्च २०२५ मध्ये हुकुमाने झाला, तीस अब्ज दिनारांच्या मर्यादेचा. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर १५ टक्के कर आला. अझ-झोर उत्तरच्या पुढच्या टप्प्यावर सही झाली. भावी पिढ्यांसाठी १९७६ पासून वर्षानुवर्षे उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला टाकलेला देश आता चालू खर्चासाठी रोखे विकतो आहे. ही वेळ का आली, याचे निम्मे उत्तर त्या वीजबिलात आहे.

नागरिकांच्या घरातल्या दोन फिल्सला हात घालण्याऐवजी राजवटीने दुसरीच कात्री काढली. बनावट कागदपत्रे, दुहेरी नागरिकत्व, लग्नामुळे मिळालेले नागरिकत्व अशी कारणे देऊन २०२४ पासून हजारो लोकांचे कुवेती नागरिकत्व रद्द केले गेले. त्यांत वीस-तीस वर्षे तिथे संसार केलेल्या बायका आहेत. सरकार याला ओळखीची आणि कायद्याची बाब म्हणते. मला त्यात हिशेबाची बाबही दिसते. वाटणीचा दर बदलता येत नसेल, तर वाटेकरी कमी करणे सोपे पडते.