तोडा, टोपी आणि स्ट्रायकर : चांद्याच्या बंडाचा चुकीचा धडा

१/ पिस्तुलांच्या चाहत्यांत एक वाद कधीच संपत नाही. घोड्याचे पिस्तूल श्रेष्ठ की स्ट्रायकरचे? वाद रंजक आहे, पण त्यातून एक सवय लागते. शस्त्र त्याच्या भूमीपासून तोडून केवळ यंत्र म्हणून तोलले जाते. याच सवयीने १८५८ च्या चांद्याच्या बंडाचा एक चुकीचा धडा रूढ केला आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम यंत्रणा समजून घेऊ. घोड्याच्या पिस्तुलात चाप ओढला की आसाभोवती फिरणारा घोडा सुटतो आणि आघातपिनेवर आदळतो. ती पिन काडतुसाच्या बुडाला ठोसते. स्ट्रायकरच्या पिस्तुलात वेगळा घोडा नसतो. स्प्रिंगने ताणलेली पिनच सरळ रेषेत पुढे झेपावते. पहिल्यात हातोडी आणि खिळा, दुसऱ्यात सुटलेला बाण.

३/ दोहोंचे गुणदोष चाहत्यांना पाठ असतात. घोडा बाहेर असेल तर शस्त्र ताणलेले आहे की नाही, हे डोळ्यांना दिसते. दुहेरी क्रियेच्या पिस्तुलात काडतूस फुटले नाही तर त्यावर पुन्हा आघात करता येतो. स्ट्रायकरमध्ये सुटे भाग कमी, बाहेर अडकणारे काही नाही आणि प्रत्येक गोळीला चापाचा ताण सारखाच.

४/ घोडा जुना आणि स्ट्रायकर नवा, असेही अनेकदा मानले जाते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक स्वीकारल्यापासून हा समज पक्का झाला. (त्याच वर्षी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.) प्रत्यक्षात २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत गाव्ह्रिलो प्रिन्सिपच्या हाती असलेले १९१० च्या नमुन्याचे ब्राउनिंग पिस्तूल स्ट्रायकरचेच होते. भारतात ईशापूरला बनणारे लष्करी ९ मिमी पिस्तूल १९३५ च्या ब्राउनिंग नमुन्यावरचे, म्हणजे घोड्याचे.

५/ या वादात एक अट दोन्ही पक्ष न बोलता गृहीत धरतात. कारखान्यात बनलेले, बुडाशी स्फोटक बसवलेले पितळी काडतूस हवे तेव्हा हाताशी असेल, ही ती अट. काडतूसच नसेल तर घोडाही लोखंड आणि स्ट्रायकरही लोखंड. चांद्याच्या जंगलातील बंदुकीचा इतिहास मुख्यतः या न बोललेल्या अटीचाच इतिहास आहे.

६/ आता त्या रूढ धड्याकडे. बाबुराव शेडमाके यांच्या बंडाविषयी एक वाक्य नेहमी कानी पडते : "गोंडांकडे जुनाट तोड्याच्या बंदुका आणि भाले, इंग्रजांकडे आधुनिक शस्त्रे, म्हणून पराभव अटळ होता." वाक्य सहानुभूतीचे वाटते. परिणाम मात्र उलटा होतो. माणसांनी घेतलेले निर्णय त्यात पुसले जातात आणि दोष लोखंडाच्या माथी जातो.

७/ घटनाक्रम असा. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याबरोबर चांदाही कंपनीकडे गेला. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव यांनी मार्च १८५८ मध्ये उठाव केला आणि राजगड परगण्यावर ताबा मिळवला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. फौजेत गोंडांसोबत रोहिलेही होते.

८/ चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन (मराठी लेखनात बहुधा 'क्रिक्टन') यांनी त्यांच्यावर सैन्य पाठवले. १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे लढाई झाली. पुढे गढीसुर्लाच्या डोंगराभोवती आणि एप्रिलमध्ये सगणापूर व बामनपेठ येथे चकमकी झडल्या. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात गार्टलन आणि हॉल हे दोघे इंग्रज कर्मचारी मारले गेले.

९/ सुमारे दोन महिन्यांच्या या लढायांत बंड मोडले नाही. ते मोडले सप्टेंबरमध्ये, आणि तेही रणांगणावर नव्हे. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर इंग्रजांनी दबाव आणला. त्यांच्यामार्फत बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

१०/ 'जुनाट' म्हणून हिणवली जाणारी तोड्याची बंदूक त्या काळी मध्य भारतातील जमीनदारांच्या शिबंदीत सर्रास असे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, मंद जळणारी सुती दोरी. चाप ओढला की पेटता तोडा बंदुकीच्या कानातील रंजकेवर टेकतो, रंजक पेटते आणि छिद्रातून आग आतल्या बारापर्यंत जाते. ना गारगोटी, ना ताकदवान स्प्रिंग. एक साधी तरफ.

११/ तिचा पहिला दोष पाऊस. तोडा विझतो, रंजक भिजते. चांद्याच्या जंगलात हा दोष मोठाच म्हणावा लागेल. पण लढायांचे महिने पाहावेत : मार्च आणि एप्रिल. पानगळीचे सागवान, आटलेले नाले, तापलेली जमीन. ज्या दोषाने ही बंदूक निकामी ठरते, तो दोष त्या हंगामात लागूच नव्हता.

१२/ दुसरा दोष निखारा. अंधारात तोड्याचे लाल टोक आणि त्याचा वास दबा धरलेल्या माणसाला उघडे पाडतो. तरीही या बंडातील सर्वांत गाजलेला हल्ला रात्रीच झाला आणि तो यशस्वी ठरला. शस्त्राचा दोष जाणणारा योद्धा त्या दोषाभोवती आपली चाल रचतो. गुणदोषांच्या तक्त्यात या कौशल्याला रकाना नसतो.

१३/ तिसरा दोष खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे : वेग. कवायती शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू शके. तोडा सांभाळत, रंजक भरत, गजाने बार ठासत लढणारा त्याच्या मागे पडे. मोकळ्या मैदानात हा फरक जीवघेणा ठरतो. म्हणूनच मैदान टाळणे आणि डोंगर-जंगलाचा आसरा घेणे हा मागासपणा नव्हता. शस्त्राचा नेमका अंदाज असल्याची ती खूण होती.

१४/ आता दुसरी बाजू. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेट घेणाऱ्या स्फोटकाच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची 'टोपी' आली. घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी आत जाते. निखारा नाही, पावसाची धास्ती कमी. १८५७ मध्ये काडतुसांमुळे कुप्रसिद्ध झालेली एन्फील्ड रायफल टोपीचीच होती.

१५/ पण टोपी गावात बनत नाही. दारूसाठी सोरा, गंधक आणि कोळसा लागतो आणि ती कला देशात जुनी होती. तोड्याला सूत पुरते. तरफ मोडली तर लोहार ती सांधतो. टोपीला मात्र पाऱ्यापासून बनणारे नाजूक स्फोटक, तांब्याचा पत्रा आणि कारखाना लागतो. टोपीची बंदूक घेणारा माणूस त्या क्षणापासून दूरच्या कोठाराशी बांधला जातो.

१६/ म्हणून "तोडा की टोपी" याचे उत्तर बंदुकीत शोधून सापडत नाही. ज्याच्या पाठीशी कोठार आहे, त्याला टोपी श्रेष्ठ. ज्याच्या पाठीशी फक्त गाव आणि जंगल आहे, त्याला तोडा. बाबुरावांच्या हाती त्या रानात टिकणारे शस्त्र होते. टिकली नाही ती जमीनदारांची एकजूट.

१७/ नंतरचा हिशेबही हेच सांगतो. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांचे अडपल्ली आणि घोट परगणे अहेरीला बक्षीस मिळाले. चांद्याचा निकाल लागला तो परगण्यांच्या या देवघेवीत. तोडा, टोपी, घोडा यांपैकी कशालाही त्याचे श्रेय जात नाही.

१८/ शस्त्राचे राजकारण इंग्रजांना पुरते कळले होते. १८५७ नंतर हिंदी शिपायाला गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागची रायफल देण्याचे धोरण रूढ झाले. १८७० च्या दशकात गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री होती, तर हिंदी पलटणींकडे स्नायडर. स्नायडरला बाहेरचा घोडा होता. मार्टिनीत आतला, गुंडाळीच्या स्प्रिंगवर चालणारा स्ट्रायकर. आज छंद म्हणून घातला जाणारा हा वाद एकेकाळी वंशाची पायरी दाखवत होता.

१९/ गावकऱ्यांसाठी पायरी याहून खालची होती. १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे आले. वन कायद्याने सरकारी जंगलावरचे वहिवाटीचे हक्क आवळले आणि शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याखाली नेली. शिसे, गंधक आणि सोरा यांसारख्या कच्च्या मालावरही नियंत्रण आणण्याची सोय त्या शस्त्र कायद्यात होती. रोख केवळ बंदुकीवर नव्हता. तिच्या पुरवठ्याची नस राज्यकर्त्यांनी ओळखली होती.

२०/ स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही या जुन्या यंत्रणेची खूण आहे. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रानडुकरांपासून धान राखणाऱ्या शेतकऱ्याचे शस्त्र म्हणून कायद्याने तिला वेगळी जागा दिली. गडचिरोलीकडे तिला 'भरमार' म्हणतात.

२१/ गडचिरोलीतील जप्ती आणि आत्मसमर्पणाच्या याद्यांत एके-४७, एसएलआर, इन्सास यांच्या शेजारी 'भरमार' हा शब्द वर्षानुवर्षे दिसत आला आहे. थ्री-नॉट-थ्रीही असते. ती रायफल स्ट्रायकरची, तर तिच्या नंतर आलेल्या एसएलआर आणि इन्सास घोड्याच्या. म्हणजे 'घोडा जुना, स्ट्रायकर नवा' ही शिडी इथे उलटीच उभी राहते. एका यादीत दोन शतकांच्या यंत्रणा एकत्र नांदतात, कारण प्रत्येकीचा पुरवठा वेगळ्या वाटेने येतो.

२२/ याच भूमीतील आणखी एक विसंगती पाहावी. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला दारूगोळ्याचा सरकारी आयुध निर्माणी कारखाना आहे. एकीकडे हाताने बार ठासायची भरमार, दुसरीकडे तोफगोळे भरणारा कारखाना. अंतर काही तासांच्या प्रवासाचे. 'काळ पुढे सरकतो आणि शस्त्रे बदलतात' हे वाक्य या जिल्ह्यांपुढे फारच सोपे वाटते.

२३/ यावर आक्षेप येईल : मग तंत्रज्ञानाला काहीच महत्त्व नाही काय? आहे. पितळी काडतुसाने युद्ध बदलले, हे नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप तंत्रज्ञानाच्या महत्त्वाला नाही. कोणत्या रानात, कोणत्या हंगामात, कोणाच्या कोठारावर, हे न विचारता केलेल्या तुलनेला आहे. अशी तुलना पिस्तुलाच्या छंदात फार तर अपुरी ठरते. इतिहासात ती अन्यायकारक ठरते.

२४/ अन्याय असा की 'शस्त्रे मागास होती' म्हटले की पुढचे सारे प्रश्न मिटतात. अहेरीवर दबाव कसा आला? परगणे कोणाला मिळाले? बस्तरने कोणाची बाजू घेतली? जमीनदार जमीनदाराविरुद्ध का गेला? हे प्रश्न अडचणीचे आहेत. त्यांत आपल्याच माणसांची नावे येतात. बंदुकीला दोष देणे त्यामानाने सोपे.

२५/ १२ मार्च २००९ रोजी बाबुराव शेडमाके यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. सन्मान योग्यच होता. पण 'जुन्या शस्त्रांनिशी लढलेला शूर' एवढ्या ओळीत त्यांना बसवणे म्हणजे त्यांच्या युद्धबुद्धीला कमी लेखणे. हाती असलेल्या शस्त्राला साजेशी भूमी, साजेसा हंगाम आणि साजेशी वेळ निवडणारा तो सेनानी होता.

२६/ तेव्हा शस्त्रांची तुलना जरूर करावी, घोडा आणि स्ट्रायकर यांची तर अवश्य. फक्त यंत्रणेसोबत तीन प्रश्न विचारावेत : याचा बार कोठून येतो, हे मोडले तर दुरुस्त कोण करतो आणि हे बाळगण्याची परवानगी कोण देतो? चांद्याच्या बंडाला हे प्रश्न लावले की नजर बंदुकीवरून माणसांकडे वळते. १८५८ चा अभ्यास तिथून सुरू व्हायला हवा.