क्षेत्र आणि बीज

कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या पायऱ्या चढतांना अपत्यासाठीं नवस बोलावयास निघालेलीं जोडपीं दिसतात. उपास सुनेचा, औषध सुनेस, आणि पाळणा न हालल्यास बोलही तिलाच! सुश्रुतानें गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज अशीं चार अंगें सांगितलीं. आम्ही चौकशी करतों ती एका क्षेत्राची. भात न उगवल्यास मावळांतील शेतकरी मात्र आधीं बियाणें पाहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें अपत्यांचें सरासरी प्रमाण १९९२-९३ मध्यें २.९ होतें, तें २०१९-२१ मध्यें १.७ झालें. ही घट बहुतांशीं उशिराच्या विवाहाची व स्वेच्छेची. तिची मला खंत नाहीं. परंतु ज्यांस मूल हवें असून होत नाहीं, अशा सुमारें निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणही असतें. तंबाखू, स्थूलता, अतिउष्णता यांनीं बीज दुर्बळ होतें.

आमच्याच घरीं सुनेनें चार वर्षें औषधें घेतलीं. चिरंजीवांची तपासणी पांचव्या वर्षीं झाली, आणि उणीव तेथें निघाली. "पुरुषास तपासणी कशाला?" असें पहिल्या वर्षीं म्हणणारा मीच होतों.