बारा डिसेंबर कोणाचा?

12 डिसेंबरच्या दिनविशेषात दरवर्षी गर्दी असते. शरद पवार (1940), गोपीनाथ मुंडे (1949), रजनीकांत (1950), युवराज सिंग (1981) या चौघांचाही जन्म याच तारखेचा. दोन पुढारी, एक नट आणि एक क्रिकेटपटू. चौकातल्या फ्लेक्सला, वर्तमानपत्राच्या पुरवणीला आणि मोबाइलच्या स्टेटसला आणखी काय लागते? 'जन्म' संपून 'मृत्यू' सुरू होतो तिथे, यादीच्या तळाशी, आणखी एक नाव असते: बाबू गेनू सैद, 1930. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार. निदान पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात तरी हे नाव यादीच्या तळाशी शोभत नाही.

मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. मुंबईत विलायती कापडावरचा बहिष्कार जोरात होता आणि दुकानांवर स्वयंसेवकांची निदर्शने चालली होती. 12 डिसेंबरला, शुक्रवारी, काळबादेवीच्या रस्त्यावरून विलायती कापडाने भरलेली लॉरी पोलिसांच्या बंदोबस्तात निघाली. बाबू गेनू तिच्यासमोर आडवा झाला. लॉरी थांबली नाही. त्याच दिवशी तो गेला. वय बाविशीच्या आसपास. तो ना कुठल्या सभेचा अध्यक्ष होता, ना त्याच्या नावावर एखादे भाषण आहे. पोट भरायला मुंबई गाठलेल्या घाटावरच्या हजारो पोरांपैकी तो एक. पण त्या दिवशी रस्त्यातून बाजूला व्हायचे नाही, हे त्याचे त्याने ठरवले होते.

इथेच आपल्या जयंतीप्रेमाला एक प्रश्न विचारला पाहिजे. जन्माला येण्यात जन्मणाऱ्याचे कर्तृत्व काय? थोरांचीसुद्धा जन्मतारीख थोर होते ती पुढच्या आयुष्यामुळे, मागाहून. बाबू गेनूची तारीख मात्र त्याने स्वतः, त्याच दिवशी घडवली. तरी आपल्या हिशेबात जन्म वर आणि मरण खाली.

जन्मतारखेचा घोळ पाहायला आंबेगावकरांना लांब जावे लागत नाही. शेजारी जुन्नर आहे. शिवनेरीवर शिवजयंती दोनदा होते, एक तारखेची आणि एक तिथीची. त्याआधीचा वाद तर सालाचाच होता. बखरींच्या आधाराने वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549, म्हणजे इसवी सन 1627, ही मिती बरीच वर्षे चालत आली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली, तीही वारासकट. कवींद्र परमानंदांच्या शिवभारताने तिला दुजोरा दिला, जोधपूरकडे सापडलेल्या जन्मकुंडलीनेही दिला. इतिहासकारांची समिती झाली, मतभेद झाले आणि अखेर 2001 मध्ये शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली.

एवढा खल झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्यातली एक गंमत फारशी कोणी सांगत नाही. ही 19 फेब्रुवारी जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. सुरतेच्या वखारीतले इंग्रज तेव्हा तेच पंचांग वापरत होते. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी मात्र नवे ग्रेगोरियन पंचांग आधीच स्वीकारले होते. त्यामुळे शिवनेरीवर बाळ जन्मले त्या शुक्रवारी गोव्यात 1 मार्च होता, आणि आज आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर मागे मोजत नेले तरी 1 मार्चच येतो. शिवाय इंग्रजांचे नवे वर्ष 25 मार्चला लागत असे. म्हणजे सुरतेच्या वहीत अजून 1629 च चालू होते. एकच दिवस, दोन पंचांगे आणि दोन साले! महाराजांच्या थोरवीत यामुळे तसूभर फरक पडत नाही. तारखेचा आकडा हा सोयीने ठरवलेला करार असतो. त्या आकड्याच्या निमित्ताने आपण काय आठवतो, याला खरी किंमत.

आणि राजाच्या जन्माची नोंद करायला निदान ज्योतिषी होते, कारभारी होते. कुणब्याच्या पोराची नोंद कोण ठेवणार? आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहावे लागले असे दाखवायचे असायचे, बाप म्हणायचा, 'पेरणीच्या वक्ताला झालाय'; गुरुजी जनरल रजिस्टरात 1 जून टाकून मोकळे व्हायचे. पुढे दाखल्यावर, मतदार यादीत, पेन्शनच्या कागदावर आणि आता आधार कार्डावर तीच तारीख आली. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभर लागू असलेला कायदाच मुळी 1969 चा. ज्यांना वाढदिवस नव्हते अशाच घरांतला बाबू गेनू. त्याचे जन्मसाल 1908 सांगतात. वर्षाच्या कोणत्या पानावर त्याची जयंती टाकायची?

अडचण ही आहे की आपली स्मरणाची यंत्रणा जयंतीवर चालते. सरकारी कार्यालयांत कोणाच्या तसबिरीला कधी हार घालायचा याचे परिपत्रक दरवर्षी निघते आणि त्यात बहुतेक जयंत्याच असतात. मग उरते नाव देणे. ते आपण सढळ हाताने केले आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' म्हणतात. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे. पण बांधावरचा शेतकरी विचारतो तो 'डिंभ्याचे पाणी सुटले का?' असेच. पुण्यात मंडईजवळच्या बाबू गेनू मंडळाचा गणपती पाहायला रांगा लागतात. त्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांना विचारून पाहा, हा बाबू गेनू कोण? पाटीवर नाव लागले की माणूस विचारण्याची गरज संपते, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.

यात पुढाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. जन्मतारीख कोणी निवडून घेत नाही, आणि कार्यकर्त्यांनी केक आणला तर तो कापावाच लागतो. बारा डिसेंबरला कोणाचा वाढदिवस साजरा होऊ नये, असेही आमचे म्हणणे नाही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरच्या चौकांत त्या दिवशी शुभेच्छांचे जेवढे फ्लेक्स लागतात, त्यांतल्या एकावर हुतात्म्याचा फोटो कोपऱ्यात, इच्छुकांच्या रांगेत बसवला म्हणजे मान राखला, असे होत नाही. त्यापेक्षा तो नसलेला बरा.

क्रम बदलण्याची सुरुवात आंबेगाव-जुन्नरच्या शाळांतून होऊ शकते. त्याला शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. परिपाठाला फळ्यावर दिनविशेष लिहिला जातोच. तो लिहिणाऱ्या मुलाला गुरुजींनी एवढेच सांगावे की आज वरून नाही, खालून सुरुवात कर. मग पाच मिनिटे काढून महाळुंगे पडवळ कुठे आहे, विलायती कापड म्हणजे काय आणि गिरणीत कापड विणणारा माणूस त्या लॉरीपुढे का आडवा झाला, हे पोरांना विचारावे. उत्तरे आली तर उत्तम. नाही आली तर त्या दिवशीचा इतिहासाचा तास कशावर घ्यायचा, हे ठरलेच. येत्या बारा डिसेंबरला पहिले नाव बाबू गेनूचे घ्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा मधल्या सुट्टीतही देता येतात.