पाण्यावरची रेघ

आम्हां जबलपूरकरांचा समुद्राशी संबंध नर्मदेपुरता. ग्वारीघाटाचं पाणी खंभातच्या आखातात जातं, आम्ही जात नाही. तरी डहाणू-तलासरीकडचे खलाशी कराचीच्या तुरुंगात असल्याची बातमी आली की इथले शहाणे विचारतात, ‘जिथे जायला बंदी, तिथे नाव घालायचीच कशाला?’

अहो, नाव त्यांची नसतेच! ती बहुधा गुजरातच्या मालकाची. पालघरचा आदिवासी हंगामापुरता मजुरीला चढतो. नाव कुठे न्यायची ते तांडेल ठरवतो. आणि ओलांडली ती रेघ कुठली? सर क्रीकपुढची भारत-पाकिस्तान सागरी सीमा आजवर ठरलेलीच नाही. दोन सरकारांना न सापडलेली रेघ यानं मात्र रात्री जाळं ओढताना ओळखावी!

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं कलम ७३ म्हणतं की, अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या बेकायदा मासेमारीला, देशादेशांत तसा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही. भारतानं हा कायदा १९९५ मध्ये स्वीकारला, पाकिस्ताननं १९९७ मध्ये. शिवाय २००८ चा उभयपक्षी करार आहे: शिक्षा संपली, राष्ट्रीयत्व पटलं, की महिन्याभरात सुटका. प्रत्यक्षात शिक्षा भोगूनही माणसं वर्षानुवर्षं आतच. त्यांचे मच्छीमार आपणही धरतो, हे विसरून चालायचं नाही.

दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. माझी मागणी लहान आहे: यादीतल्या प्रत्येक मच्छीमाराच्या नावापुढे त्याची शिक्षा कधी संपली ती तारीख जाहीर करा.