चक्कर आली की मानेला पट्टा?

सोलापूरच्या पूर्व भागात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. येणाऱ्यांत विड्या वळणाऱ्या बायका बऱ्याच. चक्कर येते म्हणून आलेल्या बाईच्या पिशवीतून मानेचा एक्स-रे, गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी आणि मळलेला गळपट्टा हमखास निघतो. ‘मॅडम, मान वळवली की गरगरतंय, पोटात ढवळतंय. मणक्यात गॅप हाय म्हणाले.’

चाळिशी उलटलेल्यांचे एक्स-रे काढा, बऱ्याच जणांच्या मानेत थोडीफार झीज दिसते, काही त्रास नसला तरी. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं झालं. तरीही हा शिक्का इतक्या सहज मारला जातो की त्यानंतर कानाकडे कुणी बघतच नाही.

कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना काही सेकंद घर फिरल्यासारखं वाटत असेल, तर दोष बहुतेक वेळा आतल्या कानात असतो. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. ते ओळखायची रीत डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्येच मांडली. मान एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन उताणं झोपवायचं, डोकं खाटेच्या कडेखाली जरा झुकवायचं आणि बुबुळं थरथरतात का ते बघायचं. यंत्र लागत नाही, लागते ती एक खाट. कण जागेवर नेण्याची एप्ली यांची पद्धतही 1992 पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि एकदोनदा केली की पुष्कळांची चक्कर थांबते. अशा बाईला महिनोन्‌महिने गळपट्टा घालायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

मग मानेमुळे चक्कर येतच नाही का? येते. पण ती वेगळी. घर फिरत नाही. पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत असं वाटतं, डोकं हलकं होतं, मळमळतं आणि सोबत मान दुखत किंवा आखडलेली असतेच. कवटीच्या खालच्या छोट्या स्नायूंत डोक्याची स्थिती मेंदूला कळवणारी संवेदकं खच्चून भरलेली असतात. स्नायू ताठले की ती चुकीची खबर देतात. डोळे आणि कान एक सांगतात, मान दुसरंच. घाटात एस.टी.त पुस्तक वाचताना मळमळतं, तसाच हा गोंधळ.

विडी वळताना बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हनुवटी छातीला टेकलेली. मजुरी हजारावर, त्यामुळे मान वर करायला फुरसत कुठली? कवटीखाली दोन बोटांनी दाबलं की ‘हेच, हेच मॅडम’ म्हणतात. अर्थात सगळं मानेवर ढकलूनही चालत नाही. तंबाखूच्या धुरळ्यानंही मळमळतं, नुसत्या चहावर दुपार काढली की डोकं फिरतंच, आणि हिमोग्लोबिन तर बघायलाच हवं.

अशा मानेला हवी असते हालचाल. हाड मोडलं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर पट्टा हवाच. एरवी तो महिनोन्‌महिने घातला की स्नायू आणखी दुबळे होतात. चकरेच्या गोळ्या सुरुवातीला दोनचार दिवस ठीक. लांबवल्या तर मेंदू तोल सावरायला शिकतच नाही, आणि त्यातल्या काहींनी म्हाताऱ्या माणसांचे हात कापू लागतात. मी आखडलेले स्नायू हातानं सैल करते, मग डोक्याला छोटी टॉर्च बांधते. ठिपका भिंतीवरच्या खुणेवर धरायचा, डोळे मिटून मान वळवायची आणि पुन्हा खुणेवर आणायची. डोळे उघडल्यावर ठिपका भलतीकडेच असतो, त्यांचं त्यांनाच हसू येतं. सरावानं तो खुणेजवळ येत जातो आणि अनेकींची चक्करही कमी होते.

सलूनमध्ये कडाकडा मान मोडून घेणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते, हे थांबवा. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यात फाटू शकते. आणि चकरेसोबत जीभ जड झाली, एकाचं दोन दिसलं, हात-पाय लुळा पडला किंवा चालताच येईना, तर माझ्याकडे येऊ नका, तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

1976 च्या कायद्यानं विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने चालत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि त्या निधीचा उपकर बंद झाला. वळणाऱ्यांच्या माना मात्र तशाच वाकलेल्या आहेत. सरकारनं या दवाखान्यांत एक फिजिओथेरपिस्ट आणि एक खाट द्यावी. डॉक्टरांनी एक्स-रे लिहिण्याआधी रुग्णाला एकदा झोपवून बघावं. आणि तुम्हाला कुणी ‘मणक्यात गॅप’ सांगितली, तर पट्टा विकत घेण्याआधी एवढं विचारा: डॉक्टर, कान तपासला का?